उपदेशाने पोट भरत नाही

आरोग्यविषयक व्याख्यानांना अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून चांगलाच बहर आला आहे. रविवारची मिस्सा आटोपली की सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात, बोट टोचून रक्तातील साखर तपासली जाते, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो आणि मग शहरातून आलेले डॉक्टर महाशय तासभर बोलतात. रोज पाऊण तास चाला, मीठ-साखर कमी करा, तळलेले वर्ज्य करा, फळे व पालेभाज्या भरपूर खा, सात तास झोपा, चिंता करू नका. शेवटी एक वाक्य हमखास येते : ‘तुमचे आरोग्य तुमच्याच हाती आहे.’ टाळ्या पडतात, चहा-बिस्किटे होतात आणि आपण समाजाची सेवा केली या समाधानात सारे घरोघर जातात.

या शिबिरांना माझा विरोध नाही. वेळीच ध्यानात आलेला रक्तदाब एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचवू शकतो. माझे भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी. ते अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य हे असत्याहून अधिक घातक असते, कारण त्याला कोणी आव्हान देत नाही. ज्याच्या हाती पैसा आहे, वेळ आहे, ज्याच्या नळाला स्वच्छ पाणी आणि घरासमोर चालायला मोकळी जागा आहे, त्याचे आरोग्य बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते. ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्याला हे वाक्य ऐकवणे म्हणजे त्याच्या आजाराचे खापर त्याच्याच माथी फोडणे होय.

जुनाच प्रश्न, नवा वेष

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारलेला प्रश्न आपल्याला ठाऊक आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि तो आंधळ्याच्या डोळ्यांकडे वळला. ईयोबाच्या मित्रांची गोष्टही तीच. ते सांत्वनाला आले आणि राखेत बसलेल्या त्या दुःखी माणसाला त्याच्या दोषांचा पाढा वाचून दाखवू लागले. ईयोबाच्या पुस्तकात शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर.

आज आपण तोच प्रश्न नव्या भाषेत विचारतो. कोणाला क्षय झाला की आपण म्हणतो, ‘राहणीच तशी!’ कोणाचे मूल कृश दिसले की म्हणतो, ‘आई अडाणी आहे, काय खाऊ घालावे हे तिला कळत नाही.’ बांधकामावरचा मजूर पंचेचाळिशीत गेला की म्हणतो, ‘तंबाखू खात होता ना!’ पाप हा शब्द आपण वगळला आणि ‘जीवनशैली’ हा शब्द त्याच्या जागी बसवला. निवाडा मात्र तोच राहिला. असा निवाडा करण्यात एक सोय असते. दोष रोग्याचा ठरला की शेजाऱ्याची जबाबदारी संपते.

सवयींच्या पलीकडे

सवयींचा प्रभाव मी नाकारीत नाही. तंबाखू घातकच आहे, दारू घातकच आहे, बैठे आयुष्यही घातकच आहे. परंतु साऱ्या आजारांचे मूळ सवयीतच असते, असे म्हणणाऱ्यांनी लंडनमधील एका अभ्यासाकडे पाहावे. १९६७ पासून तेथील सरकारी कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरदारांची प्रकृती तपासण्यात आली. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने तो प्रसिद्ध आहे. या नोकरदारांत कोणी बेकार नव्हता, कोणी भुकेकंगाल नव्हता, आणि सर्वांनाच मोफत सरकारी वैद्यकीय सेवा उपलब्ध होती. १९७८ साली मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा असे दिसले की, सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-निरोपे यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होते, हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या साऱ्यांचा हिशेब वजा केल्यावरही निम्म्याहून अधिक तफावत शिल्लकच राहिली. शिवाय तफावत केवळ शिपाई आणि सचिव यांच्यातच नव्हती. वरून खाली प्रत्येक पायरीगणिक मृत्यूचे प्रमाण वाढत गेले होते. ज्याचा आपल्या कामावर, वेळेवर आणि उद्याच्या दिवसावर ताबा नाही, त्याचे हृदयही अधिक झिजते, असा याचा अर्थ.

पोटभर जेवणाऱ्या लंडनमधील शिपायाची ही कथा. मग आपल्याकडील उपाशी माणसाची काय असेल? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील पाच वर्षांखालील १०० बालकांपैकी ४६ बालके वयाच्या मानाने खुजी राहिली आहेत. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात हे प्रमाण २३ आहे. दोन वर्षांचे बाळ कोणती जीवनशैली निवडते, हे मला कोणी समजावून सांगावे.

वेल्समधील एका कोळसा-खाणीच्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक कटू नियम मांडला. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत अधिक, तेथेच ती सर्वांत कमी मिळते. वैद्यकीय सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक जाते, तितका हा नियम अधिक लागू पडतो, असेही त्यांनी बजावले होते. आपल्या स्टेशन रोडवरील डॉक्टरांच्या पाट्या मोजाव्यात आणि मग जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाऊन तशी पाटी शोधावी. नियम सिद्ध करायला वेल्सला जाण्याची गरज नाही.

आपले पाणी, आपल्या विटा

जव्हार-मोखाड्याचे नाव मी सहज घेतलेले नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१६ साली मोखाड्यातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंच्या बातम्यांनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वसईपासून एसटीने काही तासांवर असलेला हा मुलूख आपल्याच जिल्ह्यात आहे, आपल्याच धर्मप्रांतात आहे. तरीही तो आपल्याला दूरदेशासारखा वाटतो.

तो दूर नाही. तो आपल्या घरात आहे. आपल्या वसई-विरारच्या नळाला येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणी याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील आहे. ते धरण बांधले गेले तेव्हा त्या भागातील आदिवासींच्या शेतीला पाणी देण्याचे वचन होते. पुढे त्यातील मोठा हिस्सा शहरांकडे वळला. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहत बसतात. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या मुलखात बायाबापड्यांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. आणि आपले व्याख्याते सांगतात, ‘दिवसातून आठ पेले पाणी प्या, जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवा.’

भात-नागलीचा दाणा संपला की दिवाळीनंतर ही माणसे डोंगर उतरून आपल्याकडे येतात. वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर कातकरी, वारली कुटुंबे पावसाळा तोंडावर येईपर्यंत राबतात. शेठकडून घेतलेली उचल फेडायची असते. आठवड्याला खावटी मिळते, तेवढ्यात भागवायचे. झोपडी गवताची किंवा प्लास्टिकची, शौचाला आडोसा नाही, भट्टीचा धूर अष्टौप्रहर छातीत. पोर गावच्या अंगणवाडीपासून तुटते आणि विटांच्या रांगांत वाढते. आपण बांधलेल्या बंगल्यांना, शाळांना, होय, चर्चच्या कुंपणांनाही त्याच विटा लागल्या आहेत. त्यांचे पाणी आपण पितो, त्यांच्या हातच्या विटांच्या घरात राहतो आणि त्यांच्या आजाराचे कारण मात्र त्यांच्या सवयींत शोधतो. याला निव्वळ अज्ञान म्हणता येणार नाही. हा अन्याय आहे.

शिधा हेच औषध

क्षयरोगाचेच उदाहरण घ्या. हा रोग जंतूंमुळे होतो आणि औषधांनी बरा होतो, हे शाळकरी मूलही सांगेल. परंतु जंतू शिरलेल्या प्रत्येकाला क्षय होत नाही. खंगलेल्या देहात तो बळावतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा त्यात समावेश होता. रुग्णांना औषधे आणि शिधा दोन्ही गटांत मिळाला. एका गटात मात्र घरातील इतरांनाही दरडोई दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झाले होते. तांदूळ आणि डाळ! त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते. त्यांचे ताट भरले होते, इतकेच.

आजवर किती क्षयरुग्णांना आपण ‘पौष्टिक खा’ असे सांगून रिकाम्या हाती घरी पाठवले असेल? भावाला अन्नवस्त्र नसताना केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांना प्रेषित याकोबाने आपल्या पत्रात कसे फटकारले आहे, ते प्रत्येकाने काढून वाचावे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा : ‘फादर, गरिबांची बाजू घेता, पण ते दारू पितात, तंबाखू खातात. त्यावर पैसे आहेत आणि दुधाला नाहीत?’ दारूने गरिबांची घरे उद्ध्वस्त केली आहेत, हे मीही पाहतो. दारूचे समर्थन कोणत्याही धर्मगुरूकडून होणार नाही. पण बारा तास विटा वाहून आलेला माणूस तंबाखूची चिमूट दाढेखाली धरतो, ती भूक मारण्यासाठी आणि थकवा विसरण्यासाठी, हेही ध्यानात घ्यावे. शिवाय हा आक्षेप घेणाऱ्या आपल्या समाजाने आधी स्वतःच्या मांडवामागे डोकावावे. साखरपुडा असो, लग्न असो, बाळाचा बाप्तिस्मा असो, बाटल्यांवाचून आपले पान हलत नाही. ज्यांना निवड करण्याची मुभा आहे, त्यांनी तरी काय निवडले? उपदेशाची खरी गरज आहे ती सुस्थितीतील आपल्यासारख्यांना. आपण मात्र तो नेमका गरिबांच्या दारी पोहोचवतो.

दुसरा आक्षेप : ‘हे सरकारचे काम आहे, चर्चचे नव्हे.’ सरकारचे काम आहेच. म्हणूनच ते सरकारकडून करवून घेणे हे नागरिकांचे काम आहे आणि ख्रिस्ती माणूस नागरिकही आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने हा प्रश्न नेमका मांडला आहे. प्रकृतीची काळजी घेणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, असे सांगून तो थांबत नाही. अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय सेवा, प्राथमिक शिक्षण आणि रोजगार मिळण्यासाठी समाजाने साहाय्य केले पाहिजे, असे तो त्याच परिच्छेदात बजावतो. पुढे अन्न, मद्य, तंबाखू यांच्या अतिरेकाविरुद्ध इशारा देतो आणि देहाच्या पूजेलाही विरोध करतो. आपण त्यातील संयमाचा भाग तेवढा उचलला. न्यायाचा भाग तसाच राहिला.

मार्ग आहे

हे केवळ रडगाणे ठरू नये. सवयी बदलता येतात, पण त्या भाषणांनी फारशा बदलत नाहीत. माणसाभोवतीची परिस्थिती बदलली की त्या बदलतात.

फिनलंडमधील उत्तर करेलिया या प्रांतात ऐन उमेदीतील पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरत. १९७१ साली तेथील लोकांनीच सरकारकडे दाद मागितली आणि १९७२ साली काम सुरू झाले. तो लोणी-दुधाचा मुलूख. ‘लोणी खाऊ नका’ एवढे सांगून तेथील कार्यकर्ते स्वस्थ बसले नाहीत. गृहिणींच्या मंडळांनी नव्या पाककृती घरोघर नेल्या, मांसपदार्थ बनवणाऱ्यांनी त्यातील चरबी घटवली, दुग्धव्यवसायावर पोट असलेल्या शेतकऱ्यांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीसाठी साहाय्य मिळाले, तंबाखूविरोधी कायदाही झाला. चार दशकांत तेथील कमावत्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. शेतकऱ्याच्या पोटाचा विचार केला, म्हणून त्याच्या हृदयाचेही भले झाले.

आपल्या मातीतील उदाहरण तर याहून बोलके आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी गावांना आधी दवाखाना नको होता, पाणी आणि अन्न हवे होते, हे त्यांनी ओळखले. मग विहिरी झाल्या, शेतीची कामे झाली, आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या हाती गावाने आपली बाळंतपणे सोपवली. तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ साली हजारी १७६ होते. १९९९ पर्यंत ते २६ वर आले. जातीची भिंत पाडणे हाही आरोग्याचाच कार्यक्रम असतो, हे जामखेडने दाखवून दिले.

आपण काय करावे

तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांपुढे आणि पॅरिश कौन्सिलांपुढे मी काही रोकडी कामे ठेवतो. शाळेचे आणि चर्चचे मैदान सकाळ-संध्याकाळ सर्वांना, धर्म-जात न विचारता, चालण्यासाठी खुले करावे. कुलूपबंद फाटकाआडून ‘चाला’ असे सांगणे शोभत नाही. रक्ततपासणीच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडावे आणि तेथे शिधापत्रिका, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना यांची कागदपत्रे करून देणारी आपली शिकलेली मुले बसवावीत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आजारपणात पगार न कापता रजा द्यावी. यासाठी कोणत्याही ठरावाची वा निधीची आवश्यकता नाही. धर्मग्रामातील क्षयरुग्णाच्या घरी, एकट्या रुग्णाला नव्हे तर साऱ्या घराला पुरेल इतका शिधा उपचार संपेपर्यंत दरमहा पोहोचवावा. प्रायश्चित्तकाळात वाचवलेल्या पैशांचा याहून चोख विनियोग मला सुचत नाही. आणि लग्नाच्या मांडवातील दारू बंद करावी. वाइनच्या दुकानाला विरोध असेल तर बाटली आडवी करण्यासाठी मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. पण आपल्याच अंगणात बाटली उभी ठेवून तिकडे मत मागायला तोंड राहत नाही.

सर्वांत मोठे काम मात्र एकट्यादुकट्याने होणारे नाही. ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांच्या रिक्त जागा, धरणाशेजारच्या पाड्यांना पाणी, वीटभट्टीवरील कुटुंबांसाठी जागेवर अंगणवाडी आणि आरोग्यसेविका, या मागण्या धर्मग्रामांनी एकत्रितपणे, ठरावांनी आणि सह्यांनी, जिल्हा परिषदेपुढे न्यायला हव्यात. मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण आपल्या रस्त्याविषयी आणि आपल्या जमिनींविषयी विचारतो. यापुढे एक प्रश्न मोखाड्याच्या पाण्याविषयीही विचारावा. ते पाणी पिणाऱ्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे.

दिवाळी सरली की भट्ट्या पुन्हा पेटतील आणि डोंगरावरची माणसे पोरांना कडेवर घेऊन खाली उतरतील. या वर्षीचे आरोग्य शिबिर आपल्या सभागृहात न भरवता भट्टीवर भरवावे, तेही रविवारी सकाळी आपल्या सोयीने नव्हे, तर सांजवेळी, त्यांचे काम सुटल्यावर. सोबत पोरांची वजने घेण्यासाठी काटा न्यावा आणि गरम भात-डाळीचे पातेले न्यावे. भाषण करणारा नेला नाही तरी चालेल.